प्रकल्प नोंदी: १९१३च्या पत्रातलं एक चुकलेलं विधान

५ जून

कामाला आज सुरुवात केली. केंब्रिजचे गणिती हार्डी आणि रामानुजन यांनी १९१८ मध्ये मिळून प्रसिद्ध केलेलं विभाजनांचं सूत्र, म्हणजे एखादी संख्या बेरजेने किती प्रकारे मांडता येते ते सांगणारं सूत्र, हा विषय. एकट्याने गणित शिकणाऱ्यांसाठी एक पुस्तिका करायची आहे. या दोघांची गोष्ट तिच्यात असेलच, पण वाचणाऱ्याला त्यातले आकडे स्वतः काढून पाहताही आले पाहिजेत. या जोडीबद्दल मी आजवर जे वाचलं त्यात पत्र येतं, बोट येते, १७२९ क्रमांकाची टॅक्सी येते, आजारपण येतं. त्यांनी रोज बसून नेमकं काय केलं, ते फार क्वचित येतं.

माझं गणित पुस्तकांवरून, कुणाच्या वर्गात न बसता झालेलं. म्हणूनच हा विषय माझ्या जवळचा आहे. गणिती विश्लेषण (अ‍ॅनालिसिस) शिकवण्यात ज्यांची हयात गेली असे सर दर आठवड्याला वेळ द्यायला तयार झाले आहेत. पहिल्याच बैठकीत त्यांनी अट घातली: "जे लिहिशील ते तपासता आलं पाहिजे. 'अलौकिक प्रतिभा' हे शब्द मला एकाही पानावर दिसता कामा नयेत."

७ जून

पार्श्वभूमीचं पान लिहून झालं. रामानुजन यांनी १६ जानेवारी १९१३ रोजी मद्रासहून हार्डींना पत्र लिहिलं तेव्हा ते पोर्ट ट्रस्टच्या हिशेब विभागात कारकून होते. पगार वर्षाला २० पौंड, हे त्यांनी पत्रातच लिहिलं आहे. शिक्षण म्हणावं तर कार यांचा संकलनग्रंथ: सुमारे ५,००० निष्कर्ष, बहुतेक ठिकाणी सिद्धता नाहीच किंवा एका ओळीचा इशारा. हे पुस्तक त्यांना १९०३च्या सुमारास मिळालं. निष्कर्ष मांडून पुढे जायची त्यांची पद्धत त्याच पुस्तकातून आली असावी असं मला वाटतं. गणित म्हणजे असंच लिहायचं असतं, हे सोळाव्या वर्षी मनात बसलं की बसलं.

हार्डींनी ८ फेब्रुवारीला उत्तर दिलं. ते मी पुन्हा पुन्हा वाचतो आहे. आलेल्या निष्कर्षांचे त्यांनी तीन गट केले. पहिला, आधीच माहीत असलेले किंवा माहीत असलेल्यांतून सहज निघणारे. दुसरा, नवे आणि चमत्कारिक, पण ज्यांचं महत्त्व त्या चमत्कारिकपणापुरतंच दिसतं असे. तिसरा, नवे आणि महत्त्वाचे, पण ज्यांचं सगळं मोल काटेकोर सिद्धतेवर अवलंबून आहे असे. आणि लगेच मागणी केली: सिद्धता पाठवा. अनोळखी माणसाच्या वहीचं इतक्या लवकर आणि इतक्या गंभीरपणे वर्गीकरण करणं हीच मार्गदर्शनाची सुरुवात होती. कौतुकाच्या चार ओळी लिहून हात झटकणं सोपं होतं.

१० जून

पुस्तिकेचा कणा ठरला. पहिल्या पत्रात एक विधान असं आहे की ते चूक आहे, आणि हार्डींनी पुढे स्पष्ट लिहिलं की रामानुजन यांच्या विधानांपैकी हे अत्यंत फलदायी ठरलेल्यांपैकी एक, कारण विभाजनांवरचं दोघांचं सगळं काम त्यातून निघालं. बाकीची गोष्ट या एका विधानाभोवती सांगायची.

विधान असं. १ − २क्ष + २क्ष^४ − २क्ष^९ + २क्ष^१६ − … ही अनंत श्रेणी घ्या. चिन्हं आलटून पालटून, घातांक सगळे वर्ग. आता १ ला या श्रेणीने भागा आणि आलेल्या श्रेणीत क्ष^न चा सहगुणक पाहा. रामानुजन म्हणतात, ट = पाय (π) × √न धरा; मग तो सहगुणक म्हणजे

(१/(४न)) × (कॉश ट − सिंच ट ÷ ट)

या संख्येच्या सर्वांत जवळचा पूर्णांक. कॉश आणि सिंच ही हायपरबोलिक फलनं: e^ट आणि e^−ट यांची अनुक्रमे बेरीज आणि वजाबाकी, निम्मी केलेली. त्यांचं रूप इथे लक्षात ठेवायचं आहे, पुढे उपयोगी पडेल.

सर म्हणाले, "चूक आहे हे सगळ्यांना माहीत आहे. कुठे चूक आहे ते सांग. आणि किती."

१२ जून

खरे सहगुणक काढणं अगदी सोपं निघालं. मूळ श्रेणीने गुणल्यावर १ यायला हवा, यातूनच नियम मिळतो: नवा सहगुणक म्हणजे एक घर मागचा, उणे चार घरं मागचा, अधिक नऊ घरं मागचा, उणे सोळा घरं मागचा, असं चालू ठेवून आलेल्या बेरजेची दुप्पट. कागदावरच करत गेलो: २, ४, ८, १४, २४, ४०, ६४, १००, १५४, २३२, ३४४, ५०४… पायथनमध्ये हे चार ओळींचं काम आहे, पण पुस्तिकेत कागदाची रीत आधी ठेवणार. हे गणित पेन्सिलीने होतं, हे वाचणाऱ्याला कळायला हवं.

१३ जून

सूत्राचे आकडे शेजारी मांडले.

न = १: सूत्र १.९८, खरा २
न = २: सूत्र ४.१२, खरा ४
न = ५: सूत्र २४.१०, खरा २४
न = १०: सूत्र २३१.९४, खरा २३२
न = १८: सूत्र ३९४७.५३, खरा ३९४८
न = २०: सूत्र ७३३६.५१७, खरा ७३३६
न = २१: सूत्र ९९०३.३७६, खरा ९९०४
न = २२: सूत्र १३२८७.९८, खरा १३२८८

१ पासून १९ पर्यंत विधान दरवेळी बरोबर येतं. १८ ला ते जेमतेम वाचतं. २० ला पहिल्यांदा तुटतं: जवळचा पूर्णांक ७३३७ येतो, हवा होता ७३३६. २१ ला पुन्हा तुटतं. आणि २२ ला काही झालंच नाही अशा थाटात बरोबर येतं.

ही यादी पाहून मी बराच वेळ कामाकडे वळू शकलो नाही. सलग एकोणीस ठिकाणी बरोबर येणारं विधान 'चूक' या एका शब्दात गुंडाळता येत नाही. हार्डींचाही निर्णय तसाच होता: अंदाज म्हणून सूत्र खरं आहे, फक्त रामानुजन यांना वाटलं तितकं जवळचं नाही.

१६ जून

सरांना यादी दाखवली. त्यांनी फरकांच्या स्तंभावर बोट ठेवलं. "चिन्हं बघ. न ला ३ ने भागल्यावर बाकी २ उरली की सूत्र जास्त येतं. बाकी ० असली की कमी. बाकी १ असली की जवळजवळ नेमकं. ही चूक ताल धरून चालली आहे. ताल धरणारी चूक म्हणजे राहून गेलेलं पद."

मग त्यांनी ते पद मांडून दाखवलं. त्यात कॉश आणि सिंच पुन्हा येतात, फक्त ट च्या जागी ट/३. पुढे एक कोसाइन गुणलेला असतो, आणि न ची बाकी १ असली की तो नेमका शून्य होतो. घरी येऊन ते पद मिळवलं: २० साठी ७३३५.९८५, २१ साठी ९९०३.९४८. दोन्हींचा जवळचा पूर्णांक बरोबर. उरलेल्या किंचित फरकात ट/५ चं पद दडलेलं आहे, मग ट/७ चं, असे सगळे विषम आकडे.

म्हणजे रामानुजन यांनी १९१३ मध्ये लिहून पाठवलं ते एका अनंत बेरजेचं पहिलं पद होतं, आणि ते पद नेमक्या रूपात होतं. बाकीची पदं कुठून येतात हे कळायला जे गणित लागतं ते त्यांच्याकडे नव्हतं. ते केंब्रिजमध्ये होतं.

१७ जून

ते गणित म्हणजे संमिश्र फलनांचं शास्त्र. हार्डींनी नोंदवून ठेवलं आहे की रामानुजन यांनी कोशीच्या प्रमेयाचं, म्हणजे या शास्त्राच्या पायातल्या प्रमेयाचं, नावही ऐकलेलं नव्हतं आणि संमिश्र चलाचं फलन म्हणजे काय याची कल्पना त्यांना अगदी पुसट होती. मूळ संख्यांबाबतची त्यांची विधानं याच कारणाने कोसळली: मूळ संख्यांची वाटणी ज्याच्याशी बांधलेली आहे त्या झीटा फलनाची संमिश्र शून्यं (ते फलन शून्य होतं त्या जागा) त्यांनी हिशेबात धरलीच नव्हती.

इथे मार्गदर्शकापुढचा खरा पेच दिसतो. एवढ्या माणसाला पहिल्यापासून पद्धतशीर शिकवायला बसवलं तर त्याचा आत्मविश्वास किंवा त्याची स्फूर्तीच मोडेल, अशी हार्डींना भीती. झीटाची सगळी शून्यं वास्तव आहेत असं समजत त्याला आयुष्य काढू देणंही अशक्य. त्यांनी मधला मार्ग धरला. गरज पडेल तिथे, हातात असलेल्या प्रश्नाच्या निमित्ताने शिकवलं. आणि आपण त्याला शिकवलं त्याहून फार जास्त त्याच्याकडून शिकलो, असंही लिहून ठेवलं.

मला हे पटतं. एकट्याने शिकलेल्याला कुठे भोक आहे हे सांगणारा हवाच असतो, पण भोक दाखवण्यासाठी सगळी भिंत पाडणारा माणूस उपयोगाचा नसतो.

२१ जून

पत्रव्यवहाराचं पान. यातला ताण गाळायचा नाही असं ठरवलं.

सिद्धता मागितल्यावर रामानुजन यांनी २७ फेब्रुवारी १९१३च्या पत्रात आनंद कळवला, सहानुभूतीने पाहणारा मित्र मिळाला असं म्हटलं, पण पद्धत उघड केली नाही. आपल्या सिद्धांतानुसार १ + २ + ३ + ४ + … = −१/१२ होते असं सांगितलं तर तुम्ही मला वेड्यांच्या इस्पितळाची वाट दाखवाल, असं लिहिलं. त्याआधी लंडनच्या एका प्राध्यापकांनी त्यांना अपसारी श्रेणींच्या (ज्यांची बेरीज एका ठरावीक संख्येवर स्थिरावत नाही अशा श्रेणींच्या) खाचखळग्यांत न पडण्याचा सल्ला दिला होता, त्याचा उल्लेखही त्याच पत्रात आहे. आपण अर्धपोटी आहोत, मेंदू टिकवायला अन्न हवं, हेही त्यांनी संकोच न करता लिहिलं. पुढे काम चोरीला जाण्याची भीती वाटते की काय, अशी शंका आपले केंब्रिजमधले सहकारी लिटलवुड यांच्या सांगण्यावरून हार्डींनी व्यक्त केली, तेव्हा एप्रिलमध्ये उत्तर आलं: हे वाचून मला थोडं वाईट वाटलं.

विश्वास एका पत्रात बसत नाही. मद्रास विद्यापीठाची महिना ७५ रुपयांची शिष्यवृत्ती, केंब्रिजचे गणिती नेव्हिल यांनी मद्रासला येऊन केलेली समजावणी, हे सगळं मध्ये जावं लागलं. १७ मार्च १९१४ला ते बोटीत बसले. ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं, लिटलवुड तोफखान्याच्या गणितासाठी गेले, आणि पुढची वर्षं प्रामुख्याने हे दोघेच समोरासमोर उरले.

२८ जून

विभाजनांकडे वळलो. ४ ही संख्या बेरजेने पाच प्रकारे मांडता येते: ४, ३+१, २+२, २+१+१, १+१+१+१. म्हणून वि(४) = ५. न वाढला की वि(न) भलताच वाढतो: वि(१००) = १९,०५,६९,२९२.

दोघांनी पद्धत अशी लावली. सगळी विभाजनं एका जनक फलनात (ज्याच्या श्रेणीत क्ष^न चा सहगुणक वि(न) असतो) बांधायची आणि कोशीच्या प्रमेयाने एकक वर्तुळाच्या आतून फेरी मारून हवा तो सहगुणक काढायचा. वर्तुळाच्या काठावर हे फलन १ च्या प्रत्येक घातमुळापाशी अनंताकडे उसळतं. सर्वांत मोठी उसळी १ पाशी, मग −१ पाशी, मग घनमुळांपाशी. प्रत्येक उसळीमागे एक पद. १६ जूनला सरांनी मांडलेलं ट/३ चं पद म्हणजे घनमुळांचीच उसळी, हे आज नीट जुळलं. (या भागाला पुस्तिकेत चार पानं द्यावीच लागतील. सरांना तीन पुरेशी वाटतात.)

१ जुलै

वि(२००) चा दिवस.

पाठ्यपुस्तकांत असतं ते ढोबळ सूत्र आधी चालवलं, ज्यात घातांकी फलन ४न√३ ने भागतात. उत्तर सुमारे ३ टक्क्यांनी जास्त. टक्केवारीत किरकोळ वाटतं, पण प्रत्यक्षात सव्वाशे अब्जांची तफावत आहे.

मग १९१८च्या लेखातली आठ पदं एकेक करून मिळवली:

३९,७२,९९,८९,९३,१८५.८९६
+ ३६,२८२.९७८
− ८७.५५५
+ ५.१४७
+ १.४२४
+ ०.०७१
+ ०.०००
+ ०.०४३

बेरीज ३९,७२,९९,९०,२९,३८८.००४. खरं उत्तर ३९,७२,९९,९०,२९,३८८.

तेरा अंकी संख्या, आणि चूक ०.००४. छापील पानावर हे कितीदा पाहिलं होतं, पण स्वतः एकेक पद मिळवताना शेवटचे अंक जागेवर बसत जातात तेव्हा अंगावर काटा येतो. नुसतं पहिलं पदच खऱ्या उत्तरापासून सुमारे ३६ हजारांच्या अंतरावर आणून ठेवतं. ढोबळ सूत्राशी फरक एवढाच की न च्या जागी न − १/२४ घेतलं आहे आणि अख्ख्या पदाचं न च्या सापेक्ष विकलन केलं आहे. १/२४ च का, याचं उत्तर डेडेकिंडच्या ईटा फलनात आहे, जे विभाजनांच्या जनक फलनाशी जोडलेलं आहे. हे पान मी सर्वांत मन लावून लिहिणार आहे.

३ जुलै

मॅकमहॉन यांना स्वतंत्र परिच्छेद हवाच. पर्सी मॅकमहॉन, तोफखान्यातले निवृत्त मेजर. ऑयलरच्या पंचकोनी संख्यांच्या नियमाने (आधीच्या वि(न) वरून पुढचा काढायची रीत) त्यांनी वि(१) ते वि(२००) हा तक्ता हाताने काढून दिला. तो नसता तर ०.००४ कशाशी ताडून पाहणार होते? आधी दोघांनी ठराविक थोडी पदं घेतली होती. वि(१००) साठी सहा पदांची बेरीज १९,०५,६९,२९१.९९६ आली, आणि मग प्रश्न उभा राहिला: पदांची संख्या न बरोबर वाढू दिली तर उत्तर अचूकच येईल का? अशी √न च्या प्रमाणात पदं घेतली की जवळचा पूर्णांक हेच उत्तर, हे त्यांनी सिद्ध केलं. त्याच तक्त्यावरून रामानुजन यांना दिसलं की न ला ५ ने भागून बाकी ४ उरली की वि(न) ला नेहमी ५ ने भाग जातो. आकडा हाती असणं म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याजवळ नाही.

९ जुलै

आज सरांशी वाद झाला. चांगला झाला.

मुद्दा असा. १९१८च्या सूत्रात मुख्य पदांत साधं घातांकी फलन आहे. ती श्रेणी अनंतापर्यंत नेली तर अपसारी ठरते, हे लेमर या गणितीने १९३७ मध्ये दाखवलं. त्याच वर्षी राडेमाकर या दुसऱ्या गणितीने घातांकी फलनाच्या जागी हायपरबोलिक फलन घेतलं आणि श्रेणी अभिसारी झाली, म्हणजे तिची बेरीज एका संख्येवर स्थिरावली. आता जवळचा पूर्णांक शोधायचीही गरज नाही, बेरीज म्हणजेच वि(न). सेल्बर्ग या गणितीलाही हे स्वतंत्रपणे सापडलं होतं.

आणि १९१३च्या पत्रात काय होतं? कॉश आणि सिंच. १० जूनला लक्षात ठेवायला सांगितलं ते हेच रूप. सेल्बर्ग यांनी पुढे रामानुजन यांच्या जन्मशताब्दीच्या वेळी हेच मांडलं: त्या पत्रातलं रूप अचूक सूत्राकडे बोट दाखवत होतं, आणि हार्डींनी त्या अंतर्दृष्टीवर पुरता भरवसा ठेवला असता तर दोघे तिथे पोहोचले असते.

माझं म्हणणं, हे ठळक लिहावं. सर म्हणाले, "लिही. पण अन्यायाची कथा करू नकोस. कोशीच्या प्रमेयाशिवाय दुसरं पद कुठून आणणार होते रामानुजन?"

"पण सर, पहिलं पद हार्डींकडे असलेल्यापेक्षा चांगलं होतं."

"होतं. म्हणून दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिही."

लिहिली. लिटलवुड यांनी १९२९ मध्ये सांगितलेली गोष्टही त्याला जोडली: चूक ठरावीक मर्यादेत राहील असं सूत्र असलंच पाहिजे, हा आग्रह सुरुवातीपासून रामानुजन यांचा होता. तो आग्रह नसता तर हार्डींनी ढोबळ सूत्रावर थांबणं स्वाभाविक होतं. तेही मोठंच काम ठरलं असतं, आणि आठ पदांचा तो स्तंभ कधी लिहिलाच गेला नसता.

११ जुलै

मूळ संख्यांचं प्रकरण छोटं करून एका चौकटीत टाकलं. तिथेही विधान चुकलेलं, तिथेही मार्गदर्शक तोच, पण संयुक्त काम उभं राहिलं नाही. फरक मला असा दिसतो: विभाजनांत राहिलेली पदं एकेक करून काढता येण्याजोगी होती. मूळ संख्यांत राहिलेली पदं झीटाच्या शून्यांवर बेतलेली, आणि त्या शून्यांचा प्रश्न आजही सुटलेला नाही.

१९ जुलै

सरांनी मसुदा परत दिला. समासात मुख्यतः एकच शेरा, जागोजागी: "कशावरून?" सात पानं पुन्हा लिहायला घेतली. २८ जूनच्या भागाला चार पानं मान्य झाली.

२४ जुलै

सरावाचे प्रश्न ठरले. पहिला: कागदावर २२ पर्यंतचे सहगुणक काढा, सूत्राचे आकडे शेजारी लिहा, फरकांची चिन्हं पाहा, ३ च्या बाकीचा नियम स्वतः शोधा. उत्तर पुस्तिकेत दिलेलं नाही. दुसरा: वि(१००) ची सहा पदं मिळवा. तिसरा खुला ठेवला आहे: बाकी १ असलेल्या न साठी ट/३ चं पद शून्यच असतं, मग तिथे १९१३चं विधान पहिल्यांदा कुठे तुटतं? ट/५ च्या पदाचा अंदाज घेऊन आधी भाकीत करा, मगच प्रोग्रॅम चालवा.

माझं भाकीत वहीत लिहून सरांकडे पाठवलं आहे. त्यांनी स्वतःचं वेगळं पाठवलं. उद्या सकाळी चालवून पाहू.